जुन्या गाडीत कोणतं ऑइल घालावं? (तीन जण, तीन मतं)

चोक_ओढा

मंडळी, डोकं भंजाळलंय, मदत करा.

मामांची गाडी माझ्याकडे आली आहे. १९८० च्या दशकातली, पेट्रोल, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. मीटर पाच आकडी, ४१,००० दाखवतो. एकदा पूर्ण फिरून आलाय की दोनदा, हे मामांनाही आठवत नाही. दोन वर्षं झाकून उभी होती. बॅटरी घातली, चोक ओढला, चौथ्या सेल्फला सुरू झाली. मामांना फोनवर आवाज ऐकवला तर पलीकडे बराच वेळ काही बोलणंच नाही.

आता तक्रारी. गार इंजिन सुरू केलं की निळा धूर येतो, अर्ध्या मिनिटात जातो. चालताना धूर नाही. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल लागतं. खाली थेंबही पडतात. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून काळी खपली, नखाने खरवडली तर निघते.

गॅरेजवाला म्हणतो, जुनं इंजिन आहे, मिळेल तितकं घट्ट ऑइल घाला, वर एक बाटली ‘घट्ट करायचं औषध’ ओता. पुतण्या म्हणतो, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू३० घाल, बाकी सगळं भंगार. मामा म्हणतात, मी घालत होतो तेच घाल, पण कोणतं घालत होते ते सांगता येत नाही, ‘पिवळा डबा’ एवढंच.

गाडीचं पुस्तक सापडलं. त्यात हवामानाप्रमाणे २०डब्ल्यू५० किंवा १५डब्ल्यू४०, दर्जा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसई किंवा एसएफ असं आहे. आताच्या डब्यांवर मात्र एसएन नि एसपी. एसएफ कुठे दिसत नाही. काय करू?

फुल_थ्रॉटल

पुतण्या बरोबर आहे. सिंथेटिक घाला नि विसरून जा. आधी एक फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) मारा, ती खपली-बिपली सगळी धुऊन निघेल.

ऑइलकिटली

फुल थ्रॉटल, जरा हळू. फ्लशचं नंतर बोलू, पण चोक ओढा, तुम्ही तूर्त फ्लश अजिबात मारू नका.

आधी डबा वाचायला शिकू. डब्यावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे घट्टपणा: २०डब्ल्यू५० वगैरे. दुसरी म्हणजे दर्जा: एसएफ, एसएन वगैरे. घट्ट ऑइल म्हणजे भारी ऑइल असं काही नाही, आणि महाग सिंथेटिक म्हणजे तुमच्या इंजिनाला योग्य घट्टपणा असंही नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. ५डब्ल्यूची सेल्फ मारण्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. नंतरचा आकडा गरम इंजिनातला, १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. ३० चं ऑइल तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकमध्ये (घट्टपणाचं माप, आकडा मोठा तितकं घट्ट) बसतं, ४० चं १२.५ ते १६.३, आणि ५० चं १६.३ ते २१.९.

आता गंमत बघा. ५डब्ल्यू३० ऑइल ४० अंशांना, म्हणजे नुसतं कोमट असताना, साधारण ६०-६५ सेंटीस्टोक असतं. २०डब्ल्यू५० त्याच तापमानाला दीडशेच्या पुढे. म्हणजे ज्याला आपण ‘पाण्यासारखं पातळ’ म्हणतो तेही गार असताना गरम २०डब्ल्यू५० च्या तिपटीहून घट्ट! सुरू करताना जे काही असतं ते घट्टच असतं. प्रश्न ते वर, कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत), किती लवकर पोचतं हा असतो. गॅरेजवाल्याचं ‘मिळेल तितकं घट्ट’ इथे मार खातं. पंप ते ढकलत बसतो आणि तोवर वरचा भाग कोरडा वाजतो.

पण म्हणून ५डब्ल्यू३० घालायचं का? तर नाही. तुमच्या इंजिनाच्या बेअरिंगमधली फट ४०-५० च्या ऑइलसाठी ठेवलेली आहे. गरम झाल्यावर ३० चं ऑइल तिथे दाब धरणार नाही, ऑइलचा लाल दिवा आयडलला मिणमिणायला लागेल. पुस्तक लिहिणाऱ्यांनीच ते इंजिन बनवलं होतं. त्यांचं ऐका.

फुल_थ्रॉटल

काका, मग सिंथेटिक २०डब्ल्यू५० किंवा १५डब्ल्यू५० घालू दे की. सिंथेटिकला तुमचा एवढा विरोध का?

ऑइलकिटली

विरोध कुठे केला? घट्टपणा बरोबर असेल तर सिंथेटिक उत्तमच. फक्त ही गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर पिते. महागाचं ऑइल जाळून धूर काढण्यात काय हशील?

तिसरा_गिअर

सिंथेटिकने जुन्या गाड्या गळायला लागतात, हे इथे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. ही समजूत निराधार नाही, पण शिळी आहे. सुरुवातीची सिंथेटिक ऑइलं ज्या मूळ तेलाची होती त्याने रबरी सील फुगत नसत, उलट आकसत. नंतर सील थोडे फुगावेत म्हणून त्यात एस्टर मिसळायला लागले. आताचं सिंथेटिक सील फाडत नाही. पण सील आधीच कडक झालेला असेल आणि त्याच्या फटीत जुना गाळ बसून गळती थोपवत असेल, तर नवं स्वच्छ ऑइल तो गाळ हळूहळू धुतं आणि लपलेली गळती दिसायला लागते. मग लोक ऑइलला शिव्या घालतात.

माझ्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत. घरचे म्हणतात दीड, कारण एकीचे भाग दुसरीत गेलेत. तिन्हीत साधं मिनरल २०डब्ल्यू५०. आणि तुमचा धूर मला ओळखीचा वाटतोय. गार सुरू करताना निळा नि मग गायब, हे बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील असतात. रात्रभर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून (नळीतून) ठिबकतं नि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर गाडी जोरात पळवताना धूर निघाला असता. घट्ट ऑइलने हे झाकलं जाईल, बरं होणार नाही.

चोक_ओढा

किटलीकाका, तिसरा गिअरताई, धन्यवाद! घट्टपणा समजला. पण एसएफ आणि एसपीचं काय? पुतण्या म्हणतो नवं अक्षर म्हणजे चांगलंच, शंकाच नको.

ऑइलकिटली

बहुतांशी खरं आहे. एस म्हणजे पेट्रोल इंजिन, पुढचं अक्षर पिढी. एसई १९७२ चं, एसएफ १९८० चं, मग जी, एच, जे करत एसएन २०१० ला आलं, एसपी २०२० ला. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचं काम करू शकेल अशीच धरलेली असते. गाळ धरून ठेवणं, आम्ल मारणं, उष्णतेत न कुजणं, या सगळ्यात आजचं एसएन तुमच्या एसएफपेक्षा कितीतरी उजवं आहे. फक्त ‘एसए’ लिहिलेलं काही दिसलं तर हात लावू नका. त्यात ऍडिटिव्ह नसतातच, ते १९३० नंतरच्या इंजिनांसाठी नाही.

एकच मेख आहे आणि ती झिंकची. झेडडीडीपी नावाचं झिंक-फॉस्फरसचं संयुग ऑइलमध्ये असतं. कॅमचं नाक टॅपेटवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागावर) घासतं तिथे ऑइलची फिल्म तुटते. तिथे हे संयुग धातूवर पातळ थर बसवतं आणि स्वतः झिजतं. जुन्या इंजिनात सपाट टॅपेट असतात, घासत चालणारे. पुढे बऱ्याच इंजिनांत रोलर आले, तिथे घर्षण कमी.

मग झालं असं की फॉस्फरस जळून सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो नि त्याला निकामी करतो. म्हणून त्याची मर्यादा खाली आणत गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ०.१२ टक्के, मग ०.१०, आणि २००४ च्या एसएमपासून ०.०८. पण, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं, ही ०.०८ ची मर्यादा ३० आणि त्याहून पातळ ऑइलांना आहे. २०डब्ल्यू५० ला ती लागू नाही. बनवणाऱ्याला तिथे जास्त झिंक ठेवता येतं आणि पुष्कळजण ठेवतात. माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा दिलेला असतो, तो बघा. ०.१० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा.

म्हणजे पुस्तकातला घट्टपणा पाळलात की झिंकचा प्रश्न निम्मा आपोआप सुटतो.

धुरकट

डिझेलवाला आहे, मध्येच तोंड घालतो. माझ्या जुन्या डिझेल इंजिनात १५डब्ल्यू४०, सीआय-४ (डिझेल ऑइलचा दर्जा). दोन दिवसांत ऑइल काळंकुट्ट. पूर्वी घाबरायचो. ती काजळी ऑइलने उचलून धरलेली असते, त्याचं कामच ते. डिझेलचं ऑइल काळं झालं नाही तर मी उलट काळजी करीन. 😄

आणि हो, सीआय-४/एसएल अशी दोन्ही नावं असलेलं ऑइल जुन्या पेट्रोल गाड्यांत कितीतरी लोक वर्षानुवर्षं वापरतात. फॉस्फरस पुरेसा असतो. फक्त मागे ‘एस’ छापलेलं आहे ना, एवढं बघायचं.

टू_स्ट्रोक_ते_फोर

अवांतर होईल, पण जुन्या मोटरसायकलवाल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो. माझ्या हातून झालेला मूर्खपणा आहे.

भावाच्या कारचं ऑइल उरलं होतं. ५डब्ल्यू३०, सिंथेटिक, फोडलेलाही नाही असा डबा. म्हटलं वाया का घालवायचं, माझ्या वीस वर्षांच्या बाइकमध्ये ओतलं. दोन दिवस काहीच नाही, उलट इंजिन मऊ वाटलं. तिसऱ्या दिवशी चढावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला तर इंजिन कोकलायला लागलं आणि वेग तिथेच. क्लच घसरत होता.

कारण साधं. बाइकमध्ये इंजिन, गिअर नि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडलेले. कारच्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि क्लचला नेमकं घर्षणच हवं असतं. डब्याच्या मागच्या गोल चिन्हात खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं काही छापलेलं असेल तर ते बाइकमध्ये जाऊ देऊ नका. बाइकसाठी जासो (जपानी प्रमाण) एमए किंवा एमए२ बघायचं. एमबी लिहिलेलं गिअरलेस स्कूटरना, कारण तिथे क्लच कोरडा असतो. हे प्रमाण १९९८ मध्ये आलं, म्हणजे तुमच्या बाइकच्या पुस्तकात नसेलही. तरी पाळायचं.

मी ऑइल दोनदा बदललं. घसरणं कमी झालं, गेलं नाही. प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, शेवटी त्या बदलल्या. भाऊ अजून विचारतो, ‘किती वाचले रे?’

तिसरा_गिअर

टू स्ट्रोक, हसू आवरत नाहीये, सॉरी. 😄

ह्याचीच दुसरी बाजू: मल्टीग्रेड ऑइल गरमपणी घट्ट राहावं म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर घालतात. गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः कापतात. म्हणून एकाच ऑइलवर गिअर नि इंजिन चालतात तिथे ऑइल पातळ होत जातं, रंग काही का असेना. १९५९ ची मिनी अशीच, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच ऑइलमध्ये. तिथे ऑइल लवकर बदलणं हाच उपाय.

निवांत_पिस्टन

माझ्याकडे १९५० च्या दशकातलं इंजिन आहे, ऑइल फिल्टर नाहीच, नुसती जाळी. आजोबांपासून एकेरी ३० नंबरचं, साफ न करणारं ऑइल. मीपण एसएन घालू?

ऑइलकिटली

निवांत, तुम्ही निवांतच राहा. आजच्या ऑइलमधला साफ करणारा भाग गाळ उचलून तरंगत ठेवतो, म्हणजे पुढे तो फिल्टरमध्ये अडकावा. फिल्टरच नसेल तर तो गाळ बेअरिंगमधून गोल गोल फिरणार. सत्तर वर्षांचा तळाशी बसलेला चिखल ढवळू नका. इंजिन कधी उघडून धुतलंत तर तेव्हा नव्या ऑइलवर जा आणि लवकर लवकर बदलत राहा. तोवर आहे तेच ठीक.

फुल थ्रॉटल, फ्लशला मी नाही का म्हणालो ते आता कळलं असेल. चोक ओढांच्या झाकणाला खपली आहे, म्हणजे आत किती असेल ते सांगता येत नाही. फ्लश ती एका दमात सोडवतो, ती खाली पंपाच्या जाळीवर जाऊन बसते, नि दाब शून्य. धुवायचंच तर साधं चांगलं ऑइल घालून ५०० किलोमीटरला काढा, फिल्टरसकट. मग पुन्हा १००० ला. मग २५०० ला.

फुल_थ्रॉटल

मान्य. शब्द मागे घेतो. 🙏

चोक_ओढा

आठवडाभराने लिहितोय. बरंच काही घडलं.

आधी ऑइल काढलं, इंजिन गरम करून. पहिला लिटर भराभर आला, मग धार बारीक झाली आणि शेवटी डांबरासारखे गोळे तुटून पडायला लागले. गॅरेजवाल्याचं ‘औषध’ मामांनी आधीच कधीतरी घातलेलं दिसतं. म्हणून तिसरा गिअरताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्या म्हणाल्या, संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवाच.

उतरवला. जाळी बघून घाम फुटला. गोल जाळी, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, निम्मी बुजलेली. तळाशी बोटाच्या पेराएवढा काळा थर, बोट ओढलं की मागे पांढरा पत्रा दिसायचा. फ्लश मारला असता तर काय झालं असतं या विचाराने रात्री झोप लागली नाही.

मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितलं. चारही सिलिंडर १४५ ते १५२ पीएसआय. एका-एका सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं, फार फरक नाही. म्हणजे रिंगा शाबूत. ताई, तुमचं निदान बरोबर ठरलं.

तिसरा_गिअर

वा! ओल्या चाचणीत, म्हणजे ऑइल टाकल्यावर, आकडा खूप चढला असता तर रिंगा, नाही चढला नि आधीच कमी असता तर व्हॉल्व्ह. तुमचे आकडे एकमेकांपासून पाच टक्क्यांच्या आत आहेत. चाळीसेक वर्षांच्या इंजिनाला आणखी काय हवं?

आता सील. हेड उघडायची गरज नाही. प्लग काढा, पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा. मग क्रँक हाताने फिरवा. पिस्टन दोरी दाबतो, दोरी व्हॉल्व्हना खालून आधार देते, ते आत पडत नाहीत. स्प्रिंग दाबायची, कॉटर (स्प्रिंग अडकवून ठेवणारे छोटे तुकडे) काढायचे, जुना सील ओढायचा, नवा बसवायचा. नायलॉनची दोरी वापरू नका, तिचे धागे आत तुटून राहतात.

चोक_ओढा

दोरी! मी तीनदा वाचलं.

चोक_ओढा

झालं. आठ सील, दीड दिवस. एक कॉटर हातातून उडाला, रेडिएटरच्या मागे दोन तासांनी सापडला. जुने सील बाहेर काढले तर प्लास्टिकसारखे कडक, चिमटीत धरले की तुकडे. तोच प्रसंग झाकणाखालच्या कॉर्कच्या पॅकिंगचा. नवं बसवलं, नट जपून आवळले. जास्त आवळलं की कॉर्क फुटतं, हे एक पॅकिंग फोडून शिकलो.

ऑइल: साधं मिनरल २०डब्ल्यू५०, एसएन, पत्रकात फॉस्फरस ०.१० टक्के. नवा फिल्टर. सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद टॅपेट खडखडतात, मग शांत. हे चालतं का?

ऑइलकिटली

फिल्टर बदला. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती बंद इंजिनात ऑइल परत खाली जाऊ देत नाही. ती नसेल किंवा ढिली असेल तर दर वेळी फिल्टर रिकामा होतो, भरेपर्यंत खडखड. घट्टपणाशी खेळण्याआधी हे बघा.

निवांत_पिस्टन

एक शंका. गाडी महिन्याला शंभर किलोमीटरही चालत नाही. मग ऑइल किती दिवसांनी?

ऑइलकिटली

वर्षाला एकदा, किलोमीटर कितीही असोत. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल जास्त खराब होतं. चोकवर थोडं पेट्रोल खाली उतरतं, इंजिन पुरतं तापत नाही म्हणून पाण्याची वाफ आतच राहते, दोन्ही मिळून आम्ल. झाकणाखाली पिवळट फेस दिसला तर लगेच हेड पॅकिंग गेलं म्हणून रडू नका. आधी पाऊण तास नीट चालवून आणा, फेस गेला तर वाफेचाच होता. पाणी कमी होत असेल तर मात्र रडा.

धुरकट

काढलेलं ऑइल कुठे टाकलंत, चोक ओढा? गटारात नाही ना?

चोक_ओढा

नाही हो, जुन्याच डब्यात झाकण लावून ठेवलंय, गोळा करणाऱ्यांना देणार. हातमोजेही घातले होते, संपच्या वेळचा पहिला अर्धा तास सोडून.

आणि ताजी बातमी. फिल्टर बदलला, खडखड बंद. १२०० किलोमीटर झाले, पट्टीवर ऑइल जेमतेम केसभर खाली. सकाळचा धूर नाही. मामांना व्हिडिओ पाठवला तर त्यांचा प्रश्न, ‘पिवळ्या डब्यातलं घातलंस ना?’ डबा काळा होता. मी हो म्हणालो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवतो. आज सकाळी त्यावर एकच थेंब होता, तोही इंजिनाचा नाही, गिअरबॉक्सचा.

तिसरा_गिअर

गिअरबॉक्सचाच कशावरून?

चोक_ओढा

वासावरून. गंधकाचा. बोटाला लागलं होतं, दोन वेळा साबण लावलाय, अजून येतोय.

तिसरा_गिअर

मग त्यात काय घातलंय ते आधी बघा. इतका उग्र वास म्हणजे कुणीतरी जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) ओतलं असेल. ते गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना खातं. पुस्तकात जीएल-४ असणार. नवा धागा काढा.